विटांची शिस्त

लंडनला गेलेला मराठी माणूस किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरापाशी जाऊन येतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. मीही गेलो, हात जोडले आणि मग नजर गेली ती आजूबाजूच्या विटांच्या घरांकडे. रांगेने उभी, एकही घर ओळ मोडून पुढे आलेले नाही.

इंग्रज जात्याच शिस्तीचा, असे आपण म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. ही शिस्त आगीने लावली. १६६६ च्या आगीत लाकडी लंडन बेचिराख झाले. १६६७ च्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडांच्या करणे सक्तीचे केले. मजले किती आणि भिंतीची जाडी किती, हेही ठरवून दिले. पुढे १७०९ च्या कायद्याने खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीत चार इंच आत सरकवल्या. हेतू आग पसरू नये एवढाच. पण त्या चार इंचांच्या सावलीने सपाट भिंतीला चेहरा आला!

बांधणारे काही साधुसंत नव्हते. जमीन उमरावांची, मुदतीच्या भाडेपट्ट्याची. बांधणारा नफ्याच्या मागे. दर्शनी विटा निवडक, आतल्या हलक्या, आणि पुष्कळदा दोन्ही थरांची सांधणीही जेमतेम.

तरीही ही घरे टिकली, कारण लोक भांडले. १९३६ मध्ये ॲडम बंधूंची ॲडेल्फी टेरेस पाडली गेली आणि १९३७ मध्ये ‘जॉर्जियन ग्रुप’ स्थापन झाला. १९७७ मध्ये स्पिटलफील्ड्समधल्या एल्डर स्ट्रीटवरची अठराव्या शतकातली घरे पाडायला निघाले, तेव्हा काही माणसे सरळ त्या घरांत ठाण मांडून बसली.

बाबासाहेबांचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. निवासी जागा कमी होते म्हणून स्थानिक नगरपालिकेने तिथल्या स्मारकाला परवानगी नाकारली, तेव्हा मीही संतापलो होतो. २०२० मध्ये मंजुरी मिळाली, याचा आनंदच आहे. पण आज वाटते, परवानगी मागावी लागली यात अपमान नव्हता. घर मालकाचे असते, त्याचे तोंड मात्र रस्त्याचे असते. सरकार मालक झाले म्हणून हा नियम बदलत नाही. बदलला असता, तर ती रांग आज दिसलीच नसती.