14 एप्रिलची सुट्टी : बँकेला आहे, लूमला नाही

सुरत : येत्या मंगळवारी 14 एप्रिल. रिंग रोडवर मानदरवाजाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला सकाळपासून हार पडतील. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या आपल्या खान्देशी माणसांच्या वस्त्यांत निळे झेंडे, संध्याकाळी मिरवणूक, कुठे रक्तदान, कुठे मुलांना वह्या, कुठे सरबत. नंदुरबार-धुळ्याकडची बरीच मंडळी त्या दिवशी सुरतच्या नातेवाइकांकडे जातात. पण ज्याच्या खोलीवर उतरायचं तोच कामावर गेलेला असतो!

कॅलेंडरमध्ये तारीख लाल आहे. सरकारी कचेऱ्या, बँका, शाळा बंद. ही सुट्टी येते ती परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 खाली. बी.कॉम.ला हुंडी-चेकच्या धड्यात आम्ही हे कलम घोकलं होतं. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरली, तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय होते, एवढाच त्याचा जीव. म्हणजे कागदाची सोय. प्रिंटिंग मिल, एम्ब्रॉयडरीचं खातं किंवा लूमचा शेड त्या दिवशी बंद ठेवा, असं हे कलम म्हणत नाही. मजुरी मीटरवर किंवा पाळीवर असली की सुट्टीचा अर्थ एकच, खाडा. त्यातून बारा तासांची पाळी. सकाळी दहाचा कार्यक्रम त्याच्यासाठी नसतोच, आणि सुटून येईपर्यंत मिरवणूक पुढच्या नाक्यावर गेलेली असते.

2024 ला ही तारीख रविवारी आली होती, कापड मार्केटची हक्काची सुट्टी. 2025 ला सोमवार, यंदा मंगळवार. जयंतीला कुणाला येता येणार, हे असं वारावर ठरतं.

आणि हे कुणाच्या जयंतीला? 1942 ते 1946 या काळात व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजा देणारी 1945 ची दुरुस्ती आणि आठवड्याचे तास 48 वर आणणारी 1946 ची दुरुस्ती, दोन्ही त्यांच्याच काळातल्या. आपल्या भाषणांमध्ये संविधान येतं, महाड येतं, हे प्रकरण मात्र फारसं येत नाही. सुरतेत तरी ते यायलाच हवं. कारण 2025 मध्ये गुजरात सरकारने आधी वटहुकूम आणि मग विधानसभेत कायदा करून कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत आणि कामगाराची लेखी संमती लागते, असं कायदा म्हणतो. ठेकेदाराच्या हाताखालचा माणूस संमती नाकारू शकतो का, हे वाचकांनाच विचारतो.

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. 1983 मध्ये कायदा झाला, 1986 मध्ये पहिल्यांदा पाळली गेली, आणि 1994 मध्ये तिला सेवेचा दिवस ठरवण्यात आलं. घरी बसू नका, वस्तीत जाऊन काहीतरी करा, अशी कल्पना. तिचा वार पक्का असल्याने शनिवार-रविवारला ती जोडून येते. तरी तिथेही खासगी मालकावर सुट्टी देण्याची सक्ती नाही. किंग यांना गोळी लागली ती 4 एप्रिल 1968 ला मेम्फिसमध्ये, संपावरच्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभं राहायला गेले असताना. ज्याच्यासाठी माणूस लढला, त्यालाच त्याच्या नावाच्या दिवशी रजा मिळेल याची खात्री नाही. हा प्रकार दोन्हीकडचा.

आता सेवेचं. रक्तदान चांगलंच आहे, पण बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला रात्री सुई टोचू नये. ते जवळच्या रविवारी ठेवावं. सुरतेतल्या आपल्या लोकांची खरी अडचण कागदाची आहे. अनुसूचित जातीचा दर्जा राज्याची हद्द ओलांडून आपोआप सोबत येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1990 पासून हे वारंवार सांगितलं आहे, 2018 च्या बीर सिंग निकालातही. कुटुंबाचं मूळ गाव जिथलं, तिथल्या अधिकाऱ्याकडून दाखला. केंद्राच्या सवलती मिळतात, पण स्थलांतर करून आलेल्या कुटुंबाला गुजरात राज्याच्या आरक्षणात जागा नाही. पोरगं लिंबायतमध्ये जन्मलं, तिथेच शिकलं, तरी दाखल्यासाठी बापाने नंदुरबार नाहीतर शिंदखेड्याकडे निघायचं, आजोबांचा शाळेचा दाखला शोधायचा, प्रांत कार्यालयात चकरा मारायच्या. प्रत्येक चकरेला एक खाडा, वर भुसावळ लाईनचं भाडं. एक कागद कमी पडला की पुन्हा खाडा.

म्हणून मंडळांना सुचवणं आहे. 14 तारखेला कार्यक्रम रात्री नऊनंतर एक तास तरी ठेवा, पाळी सुटल्यावर. डीजेच्या पैशातून एक टेबल, दोन खुर्च्या, एक झेरॉक्स मशीन आणि गावाकडचा एक जाणता माणूस बसवा, अर्ज आणि लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन. नंदुरबार, नवापूर, दोंडाईचाकडून जे सुरतला जाणार आहेत, त्यांनी नातेवाइकांचे जुने शाळेचे दाखले गावातूनच काढून सोबत न्यावेत. एकेका घराचे दोन-तीन खाडे वाचतील.

मिरवणूक व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. ती पाळी सुटायची वाट बघून निघाली तर रांगेत शेडमधली माणसंही दिसतील. पुढच्या वर्षी 14 एप्रिल बुधवारी आहे.