दातांचं कोण काय करणार?

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण फारसं भूषणावह नाही, पण सांगते: दात. खालचे उरलेसुरले तीन काढून झाले आणि आता कवळीची वाट बघत पातळ भातावर दिवस काढते आहे. भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, बोलणं असं काय येतंय?" तर ते यामुळे.

सिरोंचात राहणाऱ्याला दाताचं मोठं काम करायचं म्हणजे प्रवास आलाच. जिल्ह्याचं ठिकाण जवळपास दोनशे किलोमीटरवर. त्यापेक्षा गोदावरीवरचा पूल ओलांडून तेलंगणात जाणं आमच्यातल्या पुष्कळांना सोयीचं वाटतं. मी कुठल्या दिशेला गेले ते लिहिणार नाही, कारण डॉक्टरांचा हात फार हलका आहे आणि दात काढताना मला कळलंसुद्धा नाही. माझा राग आहे तो त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर.

झालं असं. बाहेरच्या बाकावर आम्ही सहा-सात जण बसलो होतो आणि नावं लिहिणाऱ्या मुलाचा पडदा आमच्याकडे तोंड करून होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचं छान दिसतं. नाव, वय, गाव, मोबाईल आणि शेवटच्या रकान्यात आजार. पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर पासवर्ड. (एका लहान मुलीचं नाव आणि पुढे 123. बहुधा डॉक्टरांची कन्या.) माझा एक्स-रे निघाला, तेव्हा त्या मुलाने स्वतःच्या मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना व्हॉट्सॅपवर पाठवून दिला. "पाठवला बाई," म्हणून मला दाखवलाही. माझ्या जबड्याच्या वर आणखी चार जणांचे जबडे होते आणि मधूनच कुणाच्या तरी हळदीचे फोटो.

मी डॉक्टरांना म्हटलं, हे बरोबर नाही. ते हसले. "बाई, आपल्या दातांचं कोण काय करणार आहे?"

मंडळी, आजचा लेख या एका वाक्यावर आहे. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईने कॉम्प्युटरवर काय बोलावं, असं वाटेल कुणाला. पण प्रश्न कॉम्प्युटरचा असता तर मी बोलले नसते.

दातांच्या डॉक्टरकडची नोंद ही काही दातांची नोंद नसते. दात काढायच्या आधी ते विचारतात आणि विचारायलाच हवं: साखर आहे का, हृदयाचं काही, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कावीळ झाली होती का, बाई असेल तर दिवस गेलेत का. एचआयव्हीबद्दल विचारतात. खर्रा किती खाता विचारतात, आणि आमच्या जिल्ह्यात तर हा प्रश्न पहिलाच हवा. आमच्या भागात आणखी एक प्रश्न असतो: सिकलसेल. म्हणजे जी गोष्ट माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही ती तो खुर्चीत आडवा पडून, तोंड उघडं ठेवून, अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्या माणसाला सांगतो. का सांगतो? तर ती त्या खोलीतच राहील या भरवशावर.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नाव, गाव काही सांगत नाही. तिच्या मुलीची अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईने खरं सांगितलं, मुलगी सिकलसेलची वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. मी हे वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं आहे, विज्ञानाच्या सरांची रजा असली की. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकच वाहक असेल तर मुलाला तो आजार होत नाही. पण कागदावर "सिकलसेल" हा एकच शब्द होता, कागदाचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये होता आणि तो मोबाईलवाला सोयरिकीच्या गावचा निघाला. पंधरा दिवसांत ठरलेलं मोडलं. ती मला म्हणाली, "बाई, मी खरं सांगितलं तेच चुकलं."

यावर कुणी म्हणेल, लग्नाआधी दोन्हीकडच्यांनी रक्त तपासून एकमेकांना सांगायलाच हवं. हवंच! मीच किती घरांत जाऊन हे सांगितलं आहे. ती मुलगी सांगणारही होती, मुलाचीही तपासणी करू या म्हणणार होती. पण ते तिने सांगायचं की दवाखान्यातल्या कुणी गावभर करायचं? आणि तिची आई आता पुढच्या डॉक्टरला काय सांगेल? "काही नाही, साधी तब्येत आहे." मी रक्त पातळ करायची गोळी घेते. ती मी लपवली असती तर त्या दिवशी खुर्चीत काय झालं असतं ते डॉक्टरांनीच मला सांगावं. ज्या दवाखान्यात नोंद सुरक्षित नाही तिथे रोगी खोटं बोलायला शिकतो, आणि मग पदवी भिंतीवर कितीही मोठी लावा, डॉक्टर आंधळी कोशिंबीर खेळत असतो.

"कोण काय करणार" याचं दुसरं उत्तर असं की, परके लोकही बरंच काही करतात. 2016 च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रुग्णांचे रिपोर्ट, एचआयव्हीचेसुद्धा, इंटरनेटवर कुणालाही उघडता येतील असे पडून होते. चोरी नव्हेच ती, दारच उघडं. पुढे जर्मनीच्या ग्रीनबोन नावाच्या कंपनीने जगभरातल्या उघड्या पडलेल्या एक्स-रे आणि स्कॅनच्या साठ्यांची मोजदाद केली. 2020 च्या फेब्रुवारीत त्याच्या बातम्या आल्या, त्यात भारतातल्या राज्यांमध्ये पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा होता. तीन लाखांवर नोंदी, जवळपास सात कोटी चित्रं. एरवी पहिला नंबर आला की आपण फटाके लावतो.

मग खंडणीवाले. हे लोक कॉम्प्युटरमधल्या साऱ्या फायली कुलूपबंद करून टाकतात आणि किल्लीचे पैसे मागतात. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एकाला पंधरवडाभर हाताने केसपेपर लिहावे लागले. आणि दातांचंच उदाहरण हवं असेल तर ऑगस्ट 2019 मधलं अमेरिकेतलं घ्या. विस्कॉन्सिन राज्यातली एक कंपनी दातांच्या दवाखान्यांचा बॅकअप सांभाळायची, तिच्या सेवेचं नाव "डीडीएस सेफ". खंडणीवाले तिच्यातूनच आत शिरले आणि सुमारे चारशे दवाखान्यांच्या फायली एका झटक्यात बंद पडल्या. तेलुगूत दाताला "पन्नु" म्हणतात आणि कराला, म्हणजे टॅक्सलाही "पन्नु"च. आमच्या शेजारच्या आजोबांना हा किस्सा सांगितला तर ते बराच वेळ हसत होते, दातावरचा दात म्हणून.

या गोष्टीतून "सॉफ्टवेअरवाला बघून घेईल" म्हणणाऱ्यांनी काही घ्यावं. सॉफ्टवेअरवाला विकायला आलेला असतो. दातांच्या दवाखान्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या हेन्री शाइनच्या कंपनीने 2016 मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाकडे अडीच लाख डॉलर भरले. आरोप होता की माहिती जितक्या पक्क्या सांकेतिक कुलुपात ठेवल्याची जाहिरात केली, तितकं पक्कं ते नव्हतं. आपल्याकडे तर विकणारा जाताना "अडचण आली तर मी तिकडूनच बघतो" म्हणत स्वतःसाठी एक मागचं दार कायमचं उघडं ठेवून जातो, आणि ते उघडं आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता डॉक्टर म्हणतील, बाई, आम्ही लहान माणसं, आमच्याकडे एम्ससारखा पैसा कुठला? हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही, कारण मी जे मागते आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना दमडी लागत नाही. पडदा भिंतीकडे वळवायला काय खर्च येतो? चिठ्ठी फाडून टाकायला? नाव लिहिणाऱ्या मुलाला वेगळा पासवर्ड, ज्यातून त्याला नाव आणि तारीख दिसेल पण आजार दिसणार नाही, एवढं सोय असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. एक्स-रे पाठवायचाच तर दवाखान्याच्या फोनवरून, नावाशिवाय, आणि काम झाल्यावर पुसून. खर्च आहे तो दोन बाहेरच्या हार्ड डिस्कचा. एकीवर आज उतरवून घ्या आणि काढून घरी न्या, दुसरी उद्या. काढून न्या हे महत्त्वाचं. सतत जोडून ठेवलेली डिस्क खंडणीवाल्याच्या हाती आयतीच लागते. आणि महिन्यातून एकदा तीवरून एखादी फाईल परत उघडून बघा. माझ्या नातवाने दहावीचा प्रकल्प "सेव्ह केलाय, सेव्ह केलाय" म्हणत घालवला तेव्हापासून माझा न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास नाही. त्या टेबलावर विंडोज 7 होतं, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 2020 च्या जानेवारीत थांबवली. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हा एक नवं मशीन घ्यावं लागेल हे खरं, आणि जुनं भंगारात देताना आतली डिस्क काढून फोडा. खुर्ची मात्र मागच्या वर्षीच नवी घेतली आहे त्यांनी, मसाजवाली.

कायदाही आहे. 2011 च्या नियमांपासून आरोग्याची माहिती संवेदनशील मानली गेली आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण सिरोंच्याच्या बाईने दिल्लीच्या मंडळाकडे दाद मागायची आणि तोवर मुलीचं वय वाढत राहायचं, याला काही अर्थ नाही.

आमच्या शाळेत दाखलखारीज रजिस्टर होतं. त्यात जात, जन्मतारीख, बापाचं नाव, सगळं. ते लोखंडी कपाटात असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ आले, सातवीतून शाळा सोडलेल्या एका मुलीची खरी जन्मतारीख फक्त "सहज बघायची" म्हणाले. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि विचारलं, मुलीच्या वडिलांचा अर्ज आणलात का? गृहस्थ चहा पिऊन गेले. आमच्याकडे तेव्हा पंखासुद्धा नव्हता, पण कपाटाला कुलूप होतं.

पुढच्या मंगळवारी कवळी बसवायला जायचं आहे. भाची म्हणते, डॉक्टरांशी भांडू नकोस, तोंड त्यांच्या ताब्यात असणार. बरोबर आहे तिचं. म्हणून ठरवलं आहे, आधी कवळी बसवून घ्यायची, चावून बघायची, पैसे द्यायचे, आणि मग त्या मुलाला म्हणायचं की बाळा, तुझ्या मोबाईलमधला माझा जबडा माझ्यासमोर पुसून टाक, आणि वरचे चारही.