कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

आज खत-फवारणीचं नाही, जरा वेगळं लिहितोय.

कॉलेजात असताना बेसिक शिकलो होतो. ओळींना 10, 20, 30 असे नंबर द्यायचे. 1964 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी ही भाषा काढली, ती विज्ञान-गणित न घेतलेल्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. पुढं शेतीत पडलो, सगळं सुटलं. यंदा पोरीच्या लॅपटॉपवर पायथन टाकलं. फुकट आहे. रात्री जेवणं झाली की तासभर बसतो, हौस म्हणून.

पहिला प्रोग्राम टोमॅटोचा. दिवसाचं कमाल-किमान तापमान मिळवायचं, निम्मं करायचं, त्यातून 10 वजा. 30 आणि 16 असेल तर सरासरी 23, उरले 13. लागणीपासून याची रोज बेरीज. शास्त्रज्ञ याला ग्रोइंग डिग्री डे म्हणतात, म्हणजे पिकाला मिळालेल्या उबेचा हिशेब. थंडीत प्लॉट का रेंगाळतो ते आकड्यात दिसतं.

तीन दिवस लग्नाला गेलो. आल्यावर बघतो तर बेरीज 30 नं घटलेली! म्हणजे माझा टोमॅटो उलटा वाढत होता. अर्धी रात्र डोकं खाजवलं. त्या तीन दिवसांची नोंद कोरी होती, आणि कोरी जागा दिसली की शून्य धर, असं मीच लिहून ठेवलेलं. शून्यातून 10 गेले, रोज उणे 10.

हिशेब माझा होता, म्हणून चूक सापडली. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपात असंच असतं तर? आपण मुकाट पंप पाठीला लावला असता. ॲप वापरू नका असं नाही म्हणत. पण आत काय चाललंय ते विचारा.

कृषी सल्लागार मित्रांनाही विनंती, नुसता आकडा देऊ नका. कोणतं तापमान धरलं, नोंद नव्हती तिथं काय धरलं, तेही सांगा. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं. तसं सूत्रही आपल्या घरात असावं.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. वही आणि थर्मामीटर पुरतो. फक्त नोंद चुकली त्या दिवशी शून्य लिहू नका, कोरंच ठेवा.