नकाशावर आठ देश, स्टिअरिंगवर एक माणूस

दत्त चौकातून घरी येताना परवा सरांनी हाक मारली. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे सहलीसाठी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर स्केचपेननं काढलेला युरोप अगदी चोख होता. अॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, लक्झेंबर्ग, पॅरिस, ल्युसर्न, लिश्टेनस्टाइन, इन्सब्रुक, व्हेनिस आणि शेवटी रोम. आठ देश, बारा दिवस, भाड्याची मोटार.

"टूरवाले दहा दिवसांत सहा देश दाखवतात, आपल्याजवळ तर दोन दिवस जास्तच आहेत," सर म्हणाले.

"अन् गाडी कोण चालवणार?" आतून काकूंचा आवाज आला.

"मीच."

सगळी मेख या एका शब्दात आहे. टूरच्या बसला पगारी ड्रायव्हर असतो, आणि तिथला कायदा त्यालाही मोकाट सोडत नाही. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. आपली मंडळी मात्र 'मुद्दाम थांबवतो लेकाचा' म्हणून कुरकुरतात. कायदा आपल्याकडेही आहे बरं का. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठच तास सांगायचा. यवतमाळहून रात्री पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये तो कुणाला दिसला असेल तर मला जरूर कळवा.

भाड्याच्या मोटारीत टॅकोग्राफ नसतो, म्हणून तो आपल्या डोक्यात हवा. पॅरिस ते ल्युसर्न सहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपलं यवतमाळ-पुणे. गाडी चालवत पुण्याला लेकीकडे गेलं की सर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नाहीत, ही माहिती काकूंनी न विचारता पुरवली.

त्यात तिथे सगळंच उलटं. गाडी रस्त्याच्या उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. माझी पहिल्या दिवशीची फजिती सांगतो. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिथे त्या जागी वायपर. प्रत्येक वळणावर मी लख्ख उन्हात काच पुसत होतो आणि मागचे हॉर्न देत होते. पहिले दोन दिवस शंभर किलोमीटरच्या वर जाऊ नये, हे तेव्हा शिकलो.

देश वाढले की खर्च आणि नियमही वाढतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गाचा पास वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकचा, मग तुम्ही एक दिवस जा की बारा महिने. ऑस्ट्रियाचा पास वेगळा. इटलीतल्या अनेक जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस तुम्ही घरी परतल्यावर येते. अॅमस्टरडॅमला घेतलेली गाडी रोमला सोडायची तर त्याचे वेगळे जबर पैसे. व्हिसाचंही तसंच. शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे. सगळीकडे एक-दीड रात्र असली की आधी मुक्कामांचाच हिशेब जुळवत बसा.

मग आम्ही दुसरं पान घेऊन नवा नकाशा काढला. फ्रँकफर्टला गाडी घ्यायची, तिथेच परत करायची. मोझेल नदीच्या खोऱ्यातून शेंगेनला. हे लक्झेंबर्गचं चिमुकलं गाव फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दीला लागून आहे. १४ जून १९८५ला पाच देशांनी इथेच नदीतल्या एका बोटीवर सीमातपासणी हटवण्याचा करार केला. भूगोलाच्या मास्तरांना आणखी काय पाहिजे! तिथून स्ट्रासबर्ग, कोलमार, मग ऱ्हाइन ओलांडून फ्रायबुर्ग आणि काळं अरण्य. तीन देश, बारा दिवस. सर्वांत लांबचा टप्पाही तीनशे किलोमीटरच्या आत. जर्मनीत मोटारीला टोल नाही. पॅरिसचं काय, म्हणून सर हिरमुसले. त्यावर उपाय आहे. स्ट्रासबर्गला गाडी उभी करायची आणि वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत पॅरिस गाठायचं. तेवढा वेळ ड्रायव्हरलाही खिडकीबाहेर बघता येतं.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओत निघतो. फॉर्म ४-ए, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. उत्साहाच्या भरात फार आधी काढू नका, आणि तिकडे जाताना मूळ लायसन्स घरी विसरू नका.

सर सोमवारी आरटीओत जाणार आहेत. निघताना सहज विचारलं तेव्हा कळलं की काकूंकडेही मोटारीचं लायसन्स आहे, चांगलं वीस वर्षांपासून. मी सरांना दोन फॉर्म भरायला सांगितले आहेत.

– वाटसरू