परवान्याचे नूतनीकरण आणि हातांची उजळणी

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मालिश हा परवान्याचा व्यवसाय आहे. परवाना एकदा मिळाला की काम संपले, असेही नाही. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि अनेक राज्यांत त्यासाठी शिक्षणाचे तास भरून दाखवावे लागतात: फ्लोरिडात दर दोन वर्षांत २४, टेक्सासमध्ये १२. आपल्याकडे मालिश करणाऱ्याला असा परवानाच नाही. डॉक्टरांना मात्र महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी चालू ठेवण्यासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारासारख्या आरोग्यसंलग्न व्यवसायांनाही नियमनाच्या कक्षेत आणले आहे. हे वारे उद्या मालिशवाल्या बाईच्या उंबऱ्याशी येणारच नाही, असे समजण्याचे कारण नाही. तेव्हा ते कोणत्या रूपाने यावे, याचा विचार आजच केलेला बरा.

मालिश हा घरगुती आणि निरुपद्रवी प्रकार, त्यात शिकायचे ते काय, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. आम्हांला तो धोक्याचा वाटतो. नवजात बालकाच्या नाकाकानांत तेल सोडणे, त्याच्या छातीत साकळलेले दूध पिळून काढणे, या रीती अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. पिळलेल्या जागी गळू होते. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर ती चोळून मोकळी करावी असे कोणत्याही अनुभवी हाताला वाटेल. पण आत शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ती सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याची भीती असते. मधुमेहाने बधिर झालेल्या तळपायाला शेकाचा चटका कळतच नाही. चोळणे केव्हा टाळावे, हा प्रश्न काही पाश्चात्त्यांनी काढलेला नव्हे. रोज अभ्यंग करावा असे सांगणारे वाग्भटाचे ‘अष्टाङ्गहृदय’ कफाने ग्रासलेल्याला, अजीर्ण झालेल्याला आणि नुकतीच शरीरशुद्धी झालेल्याला तो वर्ज्य ठरवते. ग्रंथातला हा निषेध न्हाणीघरापर्यंत पोहोचला नाही, इतकेच.

म्हणजे शिक्षण हवे. प्रश्न त्याच्या रूपाचा आहे. अध्यापकांसाठीही बढतीच्या नियमांत उजळणी वर्ग असतात. आम्ही ते केले आहेत. त्यांतले काही खरोखर चांगले होते, परंतु काहींत हजेरीपटावरची सही हेच मुख्य कार्य होते आणि जेवणानंतरच्या व्याख्यानाला निम्मी सभा पेंगत असे. श्रेयांक मोजता येतात, शिकणे मोजता येत नाही. मग यंत्रणा जे मोजता येते त्याच्याच मागे लागते. हाच साचा उचलून मालिशवाल्या बायांवर घातला, तर परवाना शहरातल्या वातानुकूलित ‘स्पा’ला मिळेल आणि सही न येणारी बाई बेकायदा ठरेल. काम मात्र तीच करीत राहील, कारण गावात दुसरे कोण आहे?

याला पर्याय शोधायला आपल्याला फ्लोरिडापर्यंत जावे लागत नाही. आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित. या शिक्षणाचा गाभा आमच्या मते एका गोष्टीत होता: ते संपत नसे. बायका दर आठवड्याला जामखेडला येत. गावात काय घडले, कोणती बाळंतीण अडली, कोणते मूल दगावले, हे सांगत. त्यावर चर्चा होई आणि एकीचा अनुभव सगळ्यांचा धडा होई. १९७१ च्या सुमारास या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात तो आकडा तिसाच्या आत आला. पाणी, पोषण, लसी यांचा त्यात वाटा होताच, पण हे सारे उंबऱ्यापर्यंत नेले ते त्याच बायकांनी. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मराठीचे अध्यापक म्हणून एक शब्द येथे नोंदवावासा वाटतो. नूतनीकरण कागदाचे होते. आपल्या भाषेत शिकलेल्याची होते ती उजळणी. भांडे उजळतात ते वापरातले, फडताळात ठेवलेले नव्हे. पाढ्यांच्या पुस्तकालाही आपण उजळणीच म्हणत आलो. असो.

जिल्ह्यात सामग्री आहे. लोणीला आणि विळद घाटात भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. नगर शहरात १९१७ पासूनचे गंगाधरशास्त्री गुणे आयुर्वेद महाविद्यालय आहे. यांच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दुपार एखाद्या मोठ्या गावात बसावे. मालिश करणाऱ्या बायांना, हाडवैद्यांना, तालमीतल्या वस्तादांना बोलवावे आणि आधी त्यांचे ऐकावे. बाळाला पायांवर पालथे घेऊन अंघोळ घालणारी बाई त्याच्या अंगाचा ताठरपणा किंवा ढिलेपणा पुष्कळदा घरच्यांआधी ओळखते. ते तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. पोटरीची सूज, नाकातले तेल, बधिर पाऊल या गोष्टी मग तिला सांगाव्यात, त्याही चित्राने आणि हाताने करून दाखवून. परीक्षा घ्यायचीच तर तोंडी घ्यावी, तिच्या बोलीत.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. या बाईला घरागणिक पैसे मिळतात. ती एक दुपार शिकायला आली, तर तेवढी घरे बुडतात, आणि दोनदा खाडा झाला की ते घर दुसरी बाई धरते. डॉक्टर आपले श्रेयांक आपल्या खर्चाने मिळवू शकतो. तिच्याकडून तशी अपेक्षा करता येणार नाही. त्या दुपारची मजुरी आणि एस.टी.चे भाडे ग्रामपंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने द्यावे, आणि ही तरतूद झाल्याशिवाय परवान्याचा नियम काढू नये.