संस्थेचें संकेतस्थळ कोणाच्या हातीं असावें?

येत्या साधारण सभेपुढें आपल्या संस्थेचें संकेतस्थळ पुन्हां मक्त्यानें करून घ्यावें असा विषय येणार आहे. सभासद बंधूंनीं मत देण्यापूर्वीं चार गोष्टी त्यांच्या कानीं घालणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचें मत आधींच सांगून टाकतों : मक्ता देऊं नये, संकेतस्थळ संस्थेनें स्वतः उभारावें.

पहिल्या मक्त्याचा अनुभव कोणी विसरला नसेल. हिशेबावरून वाद झाला तेव्हां कळलें कीं, संकेतस्थळाचें नांव, म्हणजे ज्यास डोमेन म्हणतात तें, मक्तेदारानें स्वतःच्याच नांवें नोंदविलें होतें. विहीर आपण खणलेली आणि सातबारा दुसऱ्याच्या नांवें, अशांतला हा प्रकार. दोन हंगाम ज्या गिऱ्हाइकांनीं सभासदांकडून थेट बेदाणा मागविला, त्यांस आज त्या पत्त्यावर कोरें पान दिसतें. तोच पत्ता छापलेल्या रिकाम्या पेट्या अजून गोदामांत पडून आहेत.

असे मक्ते चालतात, कारण हें काम आपल्या आवांक्याबाहेरचें आहे अशी आपलीच समजूत आहे. ती आतां टाकली पाहिजे. मॅट मुलेनवेग व माइक लिटल या दोघांनीं २००३ सालच्या मे महिन्यांत वर्डप्रेस ही प्रणाली प्रथम प्रसिद्ध केली. बी-टू नांवाची एक जुनी प्रणाली बंद पडूं लागली होती, तिच्यावरच त्यांनीं ही उभारली. ती कोणीहि विनामूल्य घ्यावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्यास द्यावी, अशी तिच्या परवान्यांतच मुभा आहे. आज जगांतील दर दहा संकेतस्थळांपैकीं सुमारें चार हिच्यावर चालतात.

गेल्या महिन्यांत पुतण्यास शेजारीं बसवून आम्हीं स्वतः हा प्रयोग करून पाहिला. डोमेन नोंदविलें, सर्व्हरवर जागा भाड्यानें घेतली, वर्डप्रेसच्या फायली तेथें चढविल्या, आणि मजकूर सांठविण्यासाठीं एक रिकामा डेटाबेस तयार केला. मग ब्राउझरमध्यें आपला पत्ता उघडला. पहिलाच प्रश्न भाषेचा येतो, आणि त्या यादींत मराठी आहे. पुढें डेटाबेसचें नांव व पासवर्ड, नंतर संकेतस्थळाचें शीर्षक व व्यवस्थापकाचा पासवर्ड, एवढेंच विचारलें जातें. पांच मिनिटांत उभारणी ही वर्डप्रेसवाल्यांची जुनी प्रौढी. आम्हांस चाळीस लागलीं, तीं बहुतेक डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा लिहिल्यामुळें! जागा भाड्यानें देणारे पुष्कळजण तर हें सारें एका बटनावर करून देतात.

रूप बदलणें याहूनहि सोपें. थीम निवडावी, रंग व बोधचिन्ह घालावें, बाजारभावांचें पान पुढें आणावें. संकेतलिपीची एक ओळहि लिहावी लागत नाहीं. खरा वेळ खाल्ला तो आमच्या जुन्या पत्रकांनीं. तीं युनिकोडपूर्वींच्या फाँटांत टंकलेलीं. चिकटवितांच अक्षरांऐवजीं रोमन चिन्हांचा चिवडा दिसूं लागला. तीं पुन्हां टंकावीं लागतील. हें काम मक्तेदारासहि चुकलें नसतें, फक्त त्याचे पैसे आपण दिले असते.

मग यांत धोका नाहीं काय? आहे, आणि तो उभारणीनंतरचा आहे. २६ जानेवारी २०१७ रोजीं वर्डप्रेसनें ४.७.२ ही आवृत्ति काढून एक मोठें छिद्र बुजविलें. ज्यांनीं ती वेळेवर घेतली नाहीं, त्यांच्या पानांवरील मजकूर पुढील महिन्यांत तिऱ्हाइतांनीं बदलून टाकला. अशीं पानें लाखांवर होतीं. वास्तविक २०१३ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून अशा लहान दुरुस्त्या आपोआप होण्याची सोय आहे. ती बंद करूं नये. प्लगइन नांवाचे जोड हजारोंनीं फुकट मिळतात, तेव्हां मोह आवरावा. ज्याच्या कर्त्यानें वर्षानुवर्षें लक्ष दिलेलें नाहीं असा जोड म्हणजे कुंपणांतील भगदाड होय. आणि थीमच्या फायलींत प्रत्यक्ष हात घालूं नये, कारण नवी आवृत्ति येतांच आपले बदल पुसले जातात. त्यासाठीं चाइल्ड थीम म्हणून वेगळी सोय आहे, तींत ते सुरक्षित राहतात.

आमची सूचना अशी : डोमेन व सर्व्हरवरील जागा संस्थेच्या नांवें घ्यावी. पासवर्ड चिटणीस व आणखी एक सभासद अशा दोघांपाशीं असावेत. दर आठवड्यास फायली व डेटाबेस या दोहोंचीहि प्रत काढून ती संस्थेच्या कचेरींत ठेवावी. बाजारभाव भरण्याचें काम कचेरींतील कारकुनासच शिकवावें. त्यासाठीं कोणत्याहि रविवारीं येण्यास आम्ही तयार आहों.