पोरीचे केस, जुन्या साडीच्या पट्ट्या आणि बिनलेबलची बाटली

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला कुणी आमच्या घरात डोकावलं असतं तर दचकलंच असतं. नववीतली पोरगी पलंगावर मांडी घालून बसलेली. डोक्यावरून आडवी टाकलेली आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी, दोन्ही कानांवरून खाली आलेली, आणि त्या पट्टीला केसांचे पेड गुंडाळणं चाललेलं. बायको गुंडाळतेय, आणि आमची आई खुर्चीतून सूचना देतेय, "अगं इतकं आवळू नको, रातभर डोकं दुखंल तिचं."

सोमवारी सकाळी गाठी सोडल्या तर पोरीच्या सरळसोट केसांना मस्त लाटा. पोरगी आरशासमोरून हलेना. खर्च शून्य रुपये.

तुम्ही म्हणाल, गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय आणि हा बाबा केस कुरळे करायचं काय लिहितोय! मंडळी, थांबा. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

झालं असं, की पोरीच्या शाळेचं गॅदरिंग आलंय. तिचा डान्स आहे आणि गटातल्या सगळ्या मुलींचे केस कुरळे हवेत असं ठरलं. पंधरा दिवसांपूर्वी तिला घेऊन मी गावातल्याच एका पार्लरमध्ये गेलो. तिथे माझं एक कामही होतं. संक्रांतीच्या पुरवणीतल्या जाहिरातीचं बिल बाकी होतं. (तालुक्याच्या पत्रकाराचं पोट कशावर चालतं हे तुम्हाला माहितीच आहे, लपवण्यासारखं काही नाही.) ताईंनी मशीन गरम करायला लावलं. मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडा चढत चढत 210 वर जाऊन थांबला. भजी तळायचं तेलसुद्धा आपण 170-180 अंशांच्या वर फारसं जाऊ देत नाही. केस म्हणजे शेवटी केरॅटिन नावाचं प्रथिन. इतक्या उष्णतेला ते रोज रोज सामोरं गेलं की कोरडं पडतं, टोकाला फाटतं, तुटतं. एखाद्या लग्नाला एकदा केलं तर आभाळ कोसळत नाही, हेही खरं. पण आमच्या पोरीला रोज प्रॅक्टिसला तसे केस हवे होते.

मात्र मी चपापलो तो मशीनमुळे नाही. शेजारच्या खुर्चीत एक कॉलेजची मुलगी बसली होती. तिचे केस मुळात कुरळे, तिला सरळ करून हवे होते. (देवाची गंमतच आहे, ज्याच्याकडे जे नाही तेच त्याला हवं.) तिच्या केसांना एका पांढऱ्या बाटलीतलं औषध लावलं आणि वरून गरम इस्त्री फिरवली. धूर निघाला आणि तो वास आला. बारावीपर्यंत मी सायन्सला होतो, पत्रकारितेचा डिप्लोमा नंतरचा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत बेडूक बुडवून ठेवलेला असायचा, तोच वास. फॉर्मॅलिनचा. डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीतल्या मुलीने नाकाला ओढणी लावली.

बाटली हातात घेऊन पाहिली. लेबल नाही. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. शहरातल्या होलसेलवाल्याकडून मोठ्या कॅनमधून सुटं भरून मिळतं म्हणे, स्वस्त पडतं.

आता जे कागदावर आहे तेवढंच सांगतो. फॉर्मॅल्डिहाइड माणसात कॅन्सर घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलंय. फॉर्मॅलिन म्हणजे त्याचंच पाण्यातलं द्रावण. त्यावर बोंब झाल्यावर बाजारात 'फॉर्मॅल्डिहाइड-मुक्त' माल आला. त्यातल्या बऱ्याच मालात ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ट्युनिशियातल्या एका 26 वर्षांच्या मुलीची हकीकत छापून आली. तिने तीन वेळा पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. आधी तिला काहीही आजार नव्हता. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं, तर त्यांच्या किडनीत ऑक्झलेटचे खडे सापडले. म्हणजे ॲसिड कातडीतून आत जातं आणि किडनीत खडे होऊन बसतं. त्याआधी इस्रायलमधल्या डॉक्टरांनी अशा 26 रुग्णांची नोंद केली होती.

आमच्या गावातल्या त्या बाटलीत नेमकं काय होतं, हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. माझी तक्रार तीच आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी आपल्या देशात कायदा आहे. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याखाली 2020 चे नियम. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना नंबर, बॅच, मुदत, आत काय काय घातलंय, सगळं बाटलीवर छापायचं. राबवायची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची. दिवाळीत खव्याचे नमुने घेतल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी फोटोसकट छापतो. पार्लरमधल्या बाटलीचा नमुना घेतल्याची बातमी माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत मी एकदाही लिहिलेली नाही.

आणि कुणी लगेच पार्लरवाल्या ताईंवर तुटून पडू नका. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी निवांत बोललो. बचत गटाचं कर्ज काढून त्यांनी ते दुकान टाकलंय. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर त्याच्यावर चालतं. म्हणाल्या, "भाऊ, गिऱ्हाईक सहा महिन्यांनी एकदा येतं. मी तर रोज तिथंच असते. लग्नसराईत दिवसाला तीन-तीन करते. रात्री डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही. मला वाटायचं पावडरची ॲलर्जी असंल." दहा बाय बाराची खोली, एसीसाठी बंद केलेली खिडकी. त्या बाटलीतला धूर सगळ्यात जास्त कुणाच्या छातीत जातोय ते सांगायला तज्ज्ञ नको. त्यांना मिळालेल्या पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात याबद्दल एक वाक्य नव्हतं.

आता माझी चूक. त्याच संक्रांतीच्या पुरवणीत 'केरॅटिन ट्रीटमेंट फक्त 1499 मध्ये' ही जाहिरात मीच आणली होती. मजकूरही मीच लिहून दिला होता, 'शंभर टक्के सुरक्षित' या शब्दांसकट. ते शब्द कुठून आले? माझ्या डोक्यातून. दहा वर्षांत अशा किती जाहिराती केल्या असतील, मोजल्या नाहीत. साडीच्या पट्टीची जाहिरात मात्र कुणी देत नाही. त्यात विकायला काही नाही ना!

म्हणून आज ती फुकट छापतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे यात नवीन काहीच नाही, तिच्या लहानपणी मुली रात्री बारीक वेण्या घालून झोपायच्या. शाळेच्या दोन वेण्या संध्याकाळी सोडल्या की केसांना नागमोडी वळण पडलेलं असतं, तेच हे. कारण साधं आहे. केसाच्या आतले काही जोड पाण्याने सुटतात आणि वाळताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा बसतात. सुती सदरा ओला असताना चुरगाळून ठेवला तर तसाच वाळतो ना, तसं. उष्णता लागतच नाही, लागतो तो वेळ.

केस संध्याकाळी धुवायचे आणि जवळजवळ वाळू द्यायचे, फक्त दमट राहिले पाहिजेत. आम्ही पहिल्या रात्री इथेच चुकलो. चिंब केस गुंडाळले, थंडीत ते सकाळपर्यंत वाळलेच नाहीत. पोरगी शिंकत उठली आणि कुरळे तर सोडाच, नुसता गुंता. पट्टी तीन बोटं रुंद, दोन्ही बाजूंनी केसांच्या टोकांपर्यंत पोचेल इतकी लांब, डोक्यावर मधोमध चापाने पक्की करायची. कपाळापासून सुरुवात करून थोडे थोडे केस घेत चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला गुंडाळत जायचं, शेवटी कापडी रबर. तेल आदल्या दिवशीच धुऊन टाका, तेलकट केस वळण धरत नाहीत. वळण टिकायला जवसाचं पाणी लावा. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात तार धरेपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच गाळायचं, गार झालं की ते फडक्यातून उतरत नाही. सकाळी कंगवा लावायचा नाही, बोटांनीच मोकळे करायचे. आणि आईचं म्हणणं खरं आहे, आवळायचं नाही. रोज घट्ट ओढलं की कपाळावरचे केस विरळ होतात. हे वळण पुढच्या न्हाण्याला जातं, पावसाळी हवेत त्याआधीच. गॅदरिंगपुरतं भरपूर झालं.

ताईंना हे दाखवलं तेव्हा त्या हसल्या. "भाऊ, मग आम्ही खायचं काय?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण काल त्यांचा फोन आला. डान्सच्या गटातल्या अकरा मुलींना शुक्रवारी संध्याकाळी बोलावलंय, पट्ट्या बांधून देणार, माणशी पन्नास रुपये. ती बाटली मात्र अजून कपाटातच आहे, लग्नाच्या दोन ऑर्डरी त्यांनी आधीच घेतल्यात.

मी सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. मागच्या पाच वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या ब्युटी पार्लरमधून आणि त्यांना माल पुरवणाऱ्या होलसेल दुकानांतून सौंदर्यप्रसाधनांचे किती नमुने घेतले, किती नापास झाले, पुढे काय कारवाई झाली. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर तुमच्या घरातली कुणी पार्लरला गेली तर तिला बाटलीच्या लेबलचा फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा. लेबल नसेल तर नुसत्या बाटलीचा पाठवा. दुकानाचं नाव नको.